लिनक्सवर माइकचा आवाज हरवतो कुठे: पिनपासून ऑडॅसिटीपर्यंत, खालून वर

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल बटण दाबलं, रेघ सपाट. मग बहुतेक जण ऑडॅसिटी काढून टाकतात, पुन्हा टाकतात, रेघ सपाटच. मग शोधून सापडलेल्या पाच-सात आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवतात. त्यातल्या निम्म्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या उबुंटूसाठी लिहिलेल्या असतात. तासाभराने माइक चालत नाही तो नाहीच, वर स्पीकरही मुका होतो.

घोळ होतो तो क्रमात. आवाजाचा रस्ता असा आहे: माइक, त्याची पिन, कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) अल्सा, जो साउंड कार्ड चालवतो, त्याच्यावर सगळ्या सॉफ्टवेअरना आवाज वाटणारा सर्व्हर पाइपवायर, आणि सगळ्यात शेवटी ऑडॅसिटी, संगीतवाल्यांचं आर्डोर किंवा पडदा आणि आवाज रेकॉर्ड करणारं ओबीएस. पाइपवायरचा एक मुकादम आहे, वायरप्लंबर. कोणाची तार कोणाला जोडायची हे तो ठरवतो. तपासणी याच क्रमाने, खालून वर करायची. खालचा टप्पा पास झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही, एवढं पाळलंत तर बहुतेक वेळा ऑडॅसिटीपर्यंत पोचण्याआधीच काम होतं.

## सुरुवातीची तयारी

ब्राउझरमधल्या मीटिंगच्या टॅब, ओबीएस, गाण्यांचा प्लेअर, सगळं बंद करा. ब्लूटूथही बंद, त्याच्याकडे नंतर येऊ. कानाला तारेचा हेडफोन लावा. स्पीकर चालू ठेवून माइक तपासायला गेलात तर शिट्टी वाजेल आणि अर्धं घर धावत येईल.

तीन साधनं हाताशी हवीत. पहिलं अल्सामिक्सर, ते अल्सा-युटिल्स या पॅकेजात येतं आणि सहसा आधीपासून असतं. दुसरं पाव्हूकंट्रोल. मेन्यूत ते पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल या नावाने दिसतं. तिसरं क्यूपीडब्ल्यूग्राफ, त्यात आवाजाच्या जोडण्या तारांसारख्या दिसतात, ते आर्डोर वापरणाऱ्यांना लागेल. शिवाय एक कागद आणि पेन. जे बदलाल ते लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कशामुळे आला ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी.

आता आपल्याकडे नक्की काय चालू आहे ते बघा. टर्मिनलमध्ये पीएसीटीएल इन्फो ही आज्ञा द्या आणि सर्व्हर नेम ही ओळ शोधा. तिथे पल्सऑडिओ, म्हणजे पाइपवायरच्या आधीचा सर्व्हर, हा शब्द दिसला की लोक गडबडतात. ओळ शेवटपर्यंत वाचा. पुढे कंसात 'ऑन पाइपवायर' असं असेल तर तुमच्याकडे पाइपवायर आहे, तो फक्त जुन्या नावाने हाक मारली तरी ओ देतो. फेडोरा ३४ पासून म्हणजे २०२१ पासून, उबुंटू २२.१० पासून आणि मिंट २२ पासून आवाजाचं काम पाइपवायरच बघतो. उबुंटू २२.०४ आणि मिंट २१ वर मात्र आवाज अजून पल्सऑडिओकडे आहे. तिथे टप्पा एक ते पाच जसेच्या तसे लागू पडतात, सहा आणि सात सोडून द्या.

इशारा. इथे दिलेल्या कुठल्याही आज्ञेपुढे सुडो (आज्ञा रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने चालवणारा शब्द) लावू नका. आवाजाचा सर्व्हर तुमच्या खात्याखाली चालतो, रूटच्या नाही. सुडो लावलंत की जोडणी नाकारल्याचा संदेश येतो आणि माणूस समजतो की सर्व्हरच मेला. 'स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला' हा सल्लाही जुना आहे. डेस्कटॉपवर लॉगिन केलेल्या माणसाला साउंड कार्डाची परवानगी आपोआप मिळते.

## टप्पा १: पिनवरचे काळे पट्टे मोजा

हो, आधी पिन. कॉलरला लावायचा छोटा माइक आणि लॅपटॉप अशी जोडी असेल तर निम्मी भानगड इथेच असते.

साडेतीन मिलिमीटरच्या पिनवर काळे पट्टे किती आहेत ते बघा. तीन पट्टे म्हणजे चार भाग: डावा कान, उजवा कान, अर्थ आणि माइक. दोन पट्टे म्हणजे तीनच भाग. लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असेल तर त्याला तीन पट्ट्यांची पिन लागते. दोन पट्ट्यांचा माइक तिथे खुपसला तर लॅपटॉप त्याला हेडफोन समजतो. मग तुम्ही कितीही ओरडा, तो ऐकत बसलेला नाही, तुम्हाला ऐकवायला बसलेला आहे. कॅबिनेटवाल्या डेस्कटॉपचं उलट असतं. मागचं गुलाबी भोक फक्त माइकचं, तिथे मोबाइलचा तीन पट्ट्यांचा हेडसेट थेट चालत नाही, दोन फाटे करणारी वायर लागते.

यूएसबी माइक असेल तर हब काढा आणि थेट लॅपटॉपला लावा. ऑडिओ इंटरफेस (माइक आणि संगणक यांच्यामधला डबा) आणि कंडेन्सर माइक (ज्याला वीज लागते) असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू आहे का ते बघा. ते बंद ठेवून लिनक्सला शिव्या घालणारे मी पाहिले आहेत, एकदा आरशातही.

तपासणी. तोच माइक मोबाइलला किंवा दुसऱ्या संगणकाला लावून बघा. तिथेही मुका असेल तर हा लेख पुढे वाचण्यापेक्षा दुकान गाठा.

## टप्पा २: कर्नलला कार्ड दिसतंय का

एरेकॉर्ड -एल ही आज्ञा द्या, ए आणि रेकॉर्ड जोडून, एल लहान लिपीतलं. रेकॉर्डिंग करू शकणाऱ्या उपकरणांची यादी येईल. यूएसबी माइकचं नाव त्यात नसेल तर केबल किंवा पोर्टचा प्रश्न आहे, मागे जा.

लॅपटॉपचं स्वतःचं कार्डच यादीत नसेल आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' दिसत असेल, तर गेल्या काही वर्षांतल्या इंटेलच्या लॅपटॉपवर पहिला संशय साउंड ओपन फर्मवेअरवर (कार्डाच्या चिपवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) घ्या, ते टाकलेलंच नसेल. डेबियनवर ते पॅकेज फर्मवेअर-सॉफ-साइन्ड या नावाने मिळतं. टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. नुसतं लॉगआउट पुरत नाही.

कार्ड दिसलं की अल्सामिक्सर उघडा. उघडल्यावर एकच पट्टी दिसते आणि 'यात तर काहीच नाही' म्हणून लोक बंद करतात. ती पट्टी पाइपवायरची आहे, कार्डाची नाही. एफ ६ दाबून खरं कार्ड निवडा, मग एफ ४ दाबून कॅप्चरच्या बाजूला या. कॅप्चर नावाच्या पट्टीखाली लाल अक्षरांत कॅप्चर हा शब्द दिसला पाहिजे. दिसत नसेल तर त्या पट्टीवर जाऊन स्पेसबार दाबा. एफ ३ च्या पानावर एखाद्या पट्टीखाली दोन एम दिसले तर ती मूक आहे, एम दाबलं की उघडते.

माइक बूस्ट या पट्टीपासून सांभाळून. शून्यापासून सुरू करा, लागलंच तर एक पायरी वर. पहिल्याच फटक्यात टोकाला नेलंत तर माणसाच्या आवाजाआधी पंख्याची घरघर आणि सर्किटची सरसर रेकॉर्ड होईल, आणि ती नंतर धुऊन निघत नाही.

## टप्पा ३: व्हॉल्यूम कंट्रोल, तेही शेवटच्या टॅबपासून

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. घाई इथेच नडते.

पाव्हूकंट्रोल उघडा आणि थेट शेवटच्या, कॉन्फिगरेशन टॅबवर जा. प्रत्येक कार्डापुढे एक प्रोफाइल निवडलेलं असतं. तिथे नुसतं 'अॅनालॉग स्टिरिओ आउटपुट' असेल तर त्या कार्डाचा माइक अस्तित्वातच नाही असं समजा, वरच्या कुठल्याच सॉफ्टवेअरला तो दिसणार नाही. 'अॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स' निवडा. डुप्लेक्स म्हणजे जाणं-येणं दोन्ही. टीव्ही किंवा मॉनिटरचं एचडीएमआय कार्ड वापरत नसाल तर त्याला इथेच 'ऑफ' करून टाका, पुढची बरीच गल्लत वाचते.

आता इनपुट डिव्हाइसेस टॅब. प्रत्येक उपकरणाखाली पोर्ट नावाची यादी असते: आतला मायक्रोफोन, हेडसेट मायक्रोफोन वगैरे. पुढे 'अनप्लग्ड' लिहिलेलं असलं तरी हेडसेट मायक्रोफोन निवडून बघा. पिन आत गेल्याचं काही लॅपटॉपना ओळखताच येत नाही.

खाली आवाजाबरोबर हलणारी पट्टी आहे. आता बोलू नका. माइकवर नखाने टिचकी मारा, बाजारात नारळ वाजवून बघतो तशी.

टिचकीच का, ते सांगतो. आमच्या सोसायटीतले एक काका निवृत्तीनंतर घरी कथावाचन रेकॉर्ड करतात. चांगला यूएसबी माइक, खाली जाड सतरंजी, खिडक्या बंद. चाळीस मिनिटं वाचलं आणि ऐकलं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा, मागे सतत एक घूं. मला बोलावलं. काका 'हॅलो, हॅलो' म्हणाले की पट्टी हलत होती, म्हणून त्यांना वाटे की माइक चालतो आहे. मी यूएसबी माइकच्या जाळीवर टिचकी मारली, पट्टी जागची हलली नाही. लॅपटॉपच्या झाकणावर, कॅमेऱ्याशेजारी मारली तर टोकाला जाऊन आदळली. चाळीस मिनिटं लॅपटॉपच्या पोटातला माइक ऐकत होता, पंख्याच्या शेजारी बसून. खोलीत बोललेलं कुठलाही माइक ऐकतो, टिचकी मात्र ज्याला मारली त्यालाच नीट लागते.

बरोबर उपकरण सापडलं की त्याच्यासमोरचं बरोबरच्या खुणेचं हिरवं बटण दाबा. यापुढे नवं सॉफ्टवेअर आपणहून हाच माइक धरेल. व्हॉल्यूम १०० टक्क्यांच्या वर नेऊ नका. त्यापुढची वाढ नुसती गुणाकाराची असते, आवाजाबरोबर खरखरही तितकीच वाढते.

इशारा, ब्लूटूथवाल्यांसाठी. ब्लूटूथ हेडफोन एका वेळी दोनपैकी एकच सोंग घेतो. एटूडीपी प्रोफाइलमध्ये गाणी छान वाजतात, पण माइक नसतो. हेडसेटच्या प्रोफाइलमध्ये माइक मिळतो, पण सगळा आवाज मोनो आणि जुन्या टेलिफोनसारखा, सहसा १६ किलोहर्ट्झ नाहीतर ८ किलोहर्ट्झचा. रेकॉर्डिंग सुरू करताच कानातलं गाणं अचानक फाटकं झालं तर काही बिघडलेलं नाही, वायरप्लंबरने माइकसाठी प्रोफाइल बदललं एवढंच. नीट रेकॉर्डिंग करायचं असेल तर ब्लूटूथचा माइक विसरा.

इशारा, इंटरफेसवाल्यांसाठी. दोन भोकांच्या इंटरफेसवर माइक पहिल्या भोकात असेल आणि तुम्ही स्टिरिओ रेकॉर्ड केलंत तर आवाज फक्त डाव्या कानात येतो. हेडफोन बिघडला म्हणून नवा घेऊ नका. मोनो रेकॉर्ड करा.

## टप्पा ४: आता ऑडॅसिटी

ऑडिओ सेटअप बटणाखाली होस्ट अल्सा ठेवा. रेकॉर्डिंग डिव्हाइसची यादी भलीमोठी असते आणि तुमच्या माइकचं पूर्ण नाव त्यात झळकत असतं, पुढे एचडब्ल्यू आणि दोन आकडे. तेच निवडायचा मोह होतो. निवडू नका. तो थेट कार्डावर जाणारा चोरदरवाजा आहे. पाइपवायरने कार्ड धरलेलं असेल तर ऑडॅसिटी 'डिव्हाइस अनअव्हेलेबल' म्हणून हात वर करते, सोबत उणे ९९८५ हा आकडा देते. यादीतलं पाइपवायर, पल्स किंवा डिफॉल्ट यापैकी जे असेल ते निवडा. माइक नंतर लावला असेल तर त्याच मेन्यूतून उपकरणांची पुन्हा मोजणी करून घ्या.

बोलण्यासाठी चॅनल एक, प्रोजेक्टचा दर ४८००० हर्ट्झ. पाइपवायरचा मूळ दरही तोच आहे.

रेकॉर्डिंग सुरू करा आणि चालू ठेवूनच पाव्हूकंट्रोलच्या रेकॉर्डिंग टॅबवर जा. 'मला तिथे काहीच दिसत नाही' ही तक्रार मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे. सॉफ्टवेअर रेकॉर्ड करत असेल तेवढाच वेळ त्याची ओळ तिथे असते. ऑडॅसिटीच्या ओळीसमोर कुठल्या माइकमधून आवाज येतोय ते लिहिलेलं असतं, चुकीचं असेल तर तिथेच बदला. ही निवड सॉफ्टवेअरगणिक लक्षात ठेवली जाते. म्हणूनच कधीतरी चुकून निवडलेला वेबकॅमचा माइक महिनोन्महिने पाठ सोडत नाही, मुख्य सेटिंग कितीही बदलली तरी.

स्नॅपमधून (उबुंटूच्या वेगळ्या पॅकेज पद्धतीतून) टाकलेली ऑडॅसिटी असेल तर माइकची परवानगी वेगळी द्यावी लागू शकते, उबुंटूच्या अॅप सेटिंगमध्ये बघा.

तपासणी. वीस सेकंद रेकॉर्ड करा: पाच सेकंद शांतता, मग नेहमीचं बोलणं, मग तुमच्या मजकुरातलं सगळ्यात चढ्या आवाजातलं वाक्य. शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली तर उत्तम. शून्याला टेकून माथे सपाट झाले तर इनपुट कमी करा आणि पुन्हा घ्या. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. सुरुवातीची शांतता पुसू नका, नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून तीच लागते.

## टप्पा ५: संगणकातून वाजणारा आवाज रेकॉर्ड करायचा असेल

ऑनलाइन मुलाखत किंवा क्लास रेकॉर्ड करायचा तर माइक नको, मॉनिटर हवा. इथे मॉनिटर म्हणजे पडदा नव्हे. प्रत्येक आउटपुटला एक सावली असते, जे वाजतं तेच तिच्यातून परत घेता येतं. ऑडॅसिटी रेकॉर्ड करत असताना रेकॉर्डिंग टॅबवर तिच्या ओळीसमोर 'मॉनिटर ऑफ' ने सुरू होणारं नाव निवडा. इनपुट डिव्हाइसेस टॅबवर मॉनिटर दिसत नसतील तर खालच्या 'शो' यादीत ते वगळलेले असतात, ती बदला.

चूक होते ती एकच: आवाज वाजतोय यूएसबी हेडफोनवर आणि मॉनिटर निवडलाय लॅपटॉपच्या स्पीकरचा. रेघ सपाट. जिथे वाजतंय त्याचीच सावली धरा. आणि समोरच्या माणसाला रेकॉर्डिंगची कल्पना आधी द्या.

स्वतःचा आणि समोरच्याचा असे दोन्ही आवाज हवेत तर पीएसीटीएलने आभासी सिंक (खोटं आउटपुट) बनवून त्यात सगळं ओतायचा मार्ग जागोजागी सांगितलेला असतो. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका. एक तर तसं बनवलेलं सिंक सर्व्हर रीस्टार्ट झाला की नाहीसं होतं. दुसरं, दोघांचे आवाज एकाच पातेल्यात पडले की एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यातून काढता येत नाही. ओबीएस घ्या, माइक आणि डेस्कटॉप ऑडिओ असे दोन स्रोत ठेवा, अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये एकाला ट्रॅक एक आणि दुसऱ्याला ट्रॅक दोन द्या. मग आउटपुटच्या सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्ड मोड निवडून रेकॉर्डिंगसाठी दोन्ही ट्रॅकवर खूण करा, ही खूण राहून जाते. फाइल एमकेव्ही ठेवा. मध्येच वीज गेली तरी तोपर्यंतचं हाती राहतं.

इशारा. ओबीएसमध्ये माइकचं मॉनिटरिंग 'मॉनिटर अँड आउटपुट' वर ठेवू नका. तुमचा आवाज हेडफोनवर वाजतो, डेस्कटॉप ऑडिओ तो पुन्हा उचलतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही स्वतःच्याच मागोमाग बोलता.

ब्राउझरमधली मीटिंगची साधनं माइकचा व्हॉल्यूम आपल्या मनाने वर-खाली करतात. मुलाखतीच्या मध्येच तुमचा आवाज बसला तर इनपुट डिव्हाइसेस टॅबवरची पट्टी बघा, ती सरकलेली असेल. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइकची आपोआप पातळी ठरवणारी सोय असते, ती बंद करा.

## टप्पा ६: आर्डोर आणि जॅक

संगीतवाल्यांनीच वाचा. आर्डोर सुरू होताना ऑडिओ सिस्टिम विचारतं. पल्सऑडिओ निवडलंत तर फक्त वाजेल, रेकॉर्ड होणार नाही, तो मार्ग एकेरी आहे. अल्सा निवडलंत तर आर्डोर अख्खं कार्ड ताब्यात घेतं आणि बाकी सगळे मुके होतात. पाइपवायर-जॅक पॅकेज टाका आणि जॅक निवडा. हा जॅक म्हणजे भोक नव्हे, संगीताच्या सॉफ्टवेअरना एकमेकांशी जोडणारा आवाजाचा सर्व्हर. वेगळा जॅक सर्व्हर क्यूजॅककंट्रोलमधून सुरू करू नका. एका कार्डासाठी दोन मालक भांडतात.

मग क्यूपीडब्ल्यूग्राफ उघडा. माइकच्या चौकोनातून निघणारी तार तुमच्या ट्रॅकच्या इनपुटला लागली आहे का ते डोळ्यांनी बघा, नसेल तर ओढून लावा. जोडणी पॅचबे म्हणून जतन करता येते, रोज ओढत बसू नका. रेकॉर्ड होत नसेल तर तीन गोष्टी क्रमाने: ट्रॅकचं लाल बटण, वरचं मुख्य लाल बटण, आणि मग प्ले. दोनच दाबून थांबणारे पुष्कळ आहेत.

## टप्पा ७: आवाज येतोय, पण तडतड होते

आधी तडतड कुठल्या जातीची ते ओळखा. फक्त जोरात बोलल्यावर होत असेल तर पातळी जास्त आहे, टप्पा चारची तपासणी करा. शांततेतही, वाट्टेल तेव्हा टक-टक होत असेल तर बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवायची जागा, अपुरा पडतोय.

पीडब्ल्यू-टॉप चालवा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून ईआरआर हा रकाना बघा. टक् ऐकू येताच तो आकडा वाढला तर निदान पक्कं. क्वांट या रकान्यात किती नमुन्यांचा घास एका वेळी घेतला जातो ते दिसतं. सहसा १०२४, म्हणजे ४८००० च्या दराने सुमारे २१ मिलिसेकंद. २५६ केलं तर सुमारे ५. गाताना स्वतःचा आवाज हेडफोनवर ताबडतोब हवा असेल तर लहान घास लागतो. कथावाचनाला, मुलाखतीला मुळीच लागत नाही. तरी 'प्रो' सेटिंग म्हणून लोक ६४ करून ठेवतात आणि मग तडतडीचं औषध शोधत हिंडतात.

वाढवण्यासाठी: पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८. मूळ पदावर आणायला शेवटच्या आकड्याच्या जागी ० द्या. लॅपटॉप बॅटरी बचतीच्या मोडवर असेल तर आधी तो बदला, कित्येकदा तेवढ्यावर भागतं.

## काहीच जमलं नाही तर

सगळी ऑडिओ सॉफ्टवेअर बंद करा. मग सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर. सॉफ्टवेअर यानंतर उघडायचं, आधी उघडं ठेवलं तर ते जुन्या मेलेल्या जोडणीला चिकटून राहतं.

तरीही जुन्या चुकीच्या निवडी परत येत असतील तर वायरप्लंबरची वही बदलायची. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा. डॉट-लोकल, त्यात स्टेट, त्यात वायरप्लंबर. तो फोल्डर पुसू नका, नाव बदलून ठेवा, आणि लॉगआउट करून परत या. सगळे व्हॉल्यूम, पोर्ट आणि निवडी कोऱ्या होतील, टप्पा तीनपासून पुन्हा.

पॅकेज काढून टाकण्याच्या फंदात पडू नका. पाइपवायर उपटताना डेस्कटॉपचा अर्धा डोलारा सोबत निघतो, आणि 'वाय' दाबण्याआधी ती यादी कोणी वाचत नाही.

काकांचं रेकॉर्डिंग आता व्यवस्थित चालू आहे. त्यांच्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला पाच सेकंद शांतता आणि मग तीन टिचक्या असतात. त्या कापायचं काम माझ्याकडे आहे.